ओल्डटायमर: शेडमधले दोन म्हातारे

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे. थोडक्यात तो असा: "मॅडम, तुमच्याकडे बी-टू पातळीपर्यंत जर्मन केलं, आता नोकरीमुळे डच शिकतोय. परवा आमचे घरमालक म्हणाले, 'इक हेब त्वे ओल्डटाइमर्स इन द स्ख्यूर.' स्ख्यूर म्हणजे मागची शेड, एवढं कळलं. यांनी दोन म्हाताऱ्यांना शेडमध्ये ठेवलंय की काय, म्हणून मी क्षणभर गारच पडलो. मग कळलं की त्या गाड्या आहेत. हे चुकीचं इंग्रजी म्हणायचं का? जर्मनमध्येही हाच अर्थ आहे का? शब्द वापरताना काय सांभाळायचं? आणि मराठीत 'विंटेज कार' म्हटलं तर चालेल ना?"

गार पडलास यात नवल नाही. मी याच शब्दावर आपटलेली आहे, तीही चारचौघांत. दुभाषी म्हणून नवीन होते तेव्हाची गोष्ट. चाकणजवळच्या एका कारखान्यात जर्मनीहून एक इंजिनिअर आले होते. जेवताना आपल्या सुपरवायझरनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? ते म्हणाले, "आम वोखेनएन्ड बास्टल इख आन मायनेम ओल्डटायमर." मी ठोकून दिलं: "शनिवार-रविवार ते घरच्या म्हाताऱ्यांचं करण्यात घालवतात." सुपरवायझर भारावले. "बघा, परदेशात राहूनसुद्धा वडिलांचं करतात!" इंजिनिअरसाहेबांनी तेवढ्यात पाकिटातून फोटो काढला, आणि त्यात बॉनेट उघडलेली एक हिरवी मोटार होती. 'बास्टल्न' म्हणजे हत्यारं घेऊन खटपट करत बसणं. निदान त्या क्रियापदावरून तरी मला शंका यायला हवी होती. म्हाताऱ्या माणसावर कोणी पाना-पक्कड घेऊन बसत नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. हे चुकीचं इंग्रजी नाही, कारण ते इंग्रजीच नाही. इंग्रजीत ओल्ड-टायमर म्हणजे माणूस: एखाद्या ठिकाणी, धंद्यात, गावात वर्षानुवर्षं मुरलेला गडी, किंवा अमेरिकेत नुसतंच 'अहो आजोबा'. गाडीसाठी इंग्रज लोक व्हेटरन, व्हिंटेज, क्लासिक असे शब्द वापरतात, आणि त्यांतही काटेकोर असतात. ओल्डटायमर म्हणजे जपलेली जुनी गाडी हा अर्थ जर्मन आणि डच भाषांनी आपल्या घरी घडवला. सामान इंग्रजी, बनावट यांची. म्हणून अर्थ शोधायला इंग्रजी शब्दकोश उघडलास की फसलास.

असं आपणही करतोच. गाड्यांचंच उदाहरण घे. आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळे जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतात. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास जादा चाक बनवणारी कंपनी निघाली, तिच्या नावावरून हा शब्द आला. आज लंडनच्या गॅरेजात स्टेपनी मागितलीस तर माणूस तुझ्याकडे बघत राहील. ब्राझीलमध्ये मात्र 'एस्तेपे' म्हटलंस की चाक पुढे येईल. तसंच 'डिकी'चं. इंग्रजीत ती गाडीच्या मागे उघडणारी जादा बैठक होती, आपण तिथे बॅगा कोंबतो. म्हणून मराठी माणूस चुकीचं इंग्रजी बोलतो असं कोणी म्हणेल का? तो मराठी बोलतो.

जर्मन आणि डचमध्ये अशी पिलावळ बरीच आहे. 'बीमर' हा शब्द आपल्याला क्रिकेटमुळे माहीत, कमरेच्या वर अंगावर येणारा फुलटॉस, लगेच नो-बॉल. जर्मन किंवा डच ऑफिसात "बीमर चालू कर" म्हटलं की प्रोजेक्टर चालू करायचा असतो. 'स्मोकिंग' म्हणजे दोन्हीकडे काळा समारंभी सूट, धूम्रपानाशी संबंध नाही. जर्मन लोक मोबाइलला 'हँडी' म्हणतात. तो मात्र जर्मनपुरताच, डच माणूस 'मोबीलत्ये' म्हणेल आणि बेल्जियममधला फ्लेमिश माणूस 'खे-एस-एम'. त्यामुळे जर्मनमध्ये चालतो म्हणून डचमध्येही चालेल, हे दर वेळी खरं नसतं. ओल्डटायमर मात्र दोन्हीकडे चालतो, आणि जवळजवळ सारख्याच अर्थाने. ते 'जवळजवळ' कुठे अडतं, ते पुढे सांगते.

आधी अर्थ नीट बघू, कारण वर्गात सगळ्यात जास्त चूक इथे होते. ओल्डटायमर म्हणजे जुनी गाडी नव्हे. जुनी गाडी म्हणजे जर्मनमध्ये 'आल्टेस आउटो', आणि तिचे हाल झाले असतील तर 'रोस्टलाउब', शब्दशः गंजाचा मांडव. डचमध्ये अशा खटाऱ्याला 'राम्मेलबाक' म्हणतात, खडखडणारा डबा. ओल्डटायमर या शब्दात कौतुक आहे. गाडी जुनी आहे, पण कोणीतरी तिला जपलं आहे, तिला हौशी माणसांत किंमत आहे. शेजाऱ्याच्या वीस वर्षांच्या, दाराला पोचे आलेल्या गाडीला तू ओल्डटायमर म्हणालास तर तो टोमणा होईल. आणि घरमालकांच्या शेडमधल्या गाडीला 'औद आउटो', म्हणजे नुसती जुनी गाडी, म्हणालास तर त्यांना लागेल.

हा शब्द मोटारीपुरताही नाही. मोटरसायकल, ट्रॅक्टर, बस, विमान, आगबोट, सगळ्यांना लागतो. जर्मनीच्या खेड्यात ट्रॅक्टरांचे मेळावे भरतात, तिथे मानहाइमच्या लांत्स कंपनीचे बुलडॉग ट्रॅक्टर धडधडत आणतात, ते सगळे ओल्डटायमर. आणखी एक फसवी जागा म्हणजे 'ओल्डटायमरबुस'. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याचं 'ज्येष्ठ नागरिकांसाठी बस' असं भाषांतर केलं होतं. बस स्वतःच जुनी आहे, आत शाळेची मुलंही बसतात. 'ओल्डटायमरफ्रॉइंट' म्हणजेही जुना मित्र नव्हे, जुन्या गाड्यांचा षौकीन.

मग माणसासाठी हा शब्द अजिबात चालत नाही का? चालतो, पण थट्टेच्या सुरात. जर्मन शब्दकोशात माणसाचा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर दिलेला सापडेल, 'विनोदाने' अशा शेऱ्यासह. संघातला सर्वांत जुना खेळाडू स्वतःलाच ओल्डटायमर म्हणवून घेईल आणि सगळे हसतील, कारण तेव्हाही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गाडीच असते. तू मात्र ऑफिसातल्या साठीच्या सहकाऱ्याला असं म्हणू नकोस. मुरलेल्या माणसाला जर्मन लोक 'आल्टर हाजं' म्हणतात, म्हणजे जुना ससा, आणि डच लोक 'औव रोट', म्हणजे जुना उंदीर. दोन्ही मानाची पदं आहेत बरं का. आपण नाही का 'जुनं खोड' म्हणत. जुन्या गाण्याला ओल्डटायमर म्हणत नाहीत, त्यासाठी दोन्हीकडे 'ओल्डी' आणि 'एव्हरग्रीन' आहेत.

जर्मनांना गाडीसाठी आपला शब्द नव्हता असंही नाही. न्युर्नबर्गमध्ये १९०० साली मोटारवाल्यांचा एक क्लब निघाला, त्याचं नाव 'आल्गेमाइनर श्नाउफर्ल-क्लुब'. 'श्नाउफन' म्हणजे धापा टाकणं. श्नाउफर्ल म्हणजे धापा टाकत चढ चढणारं ते लाडकं यंत्र. बव्हेरियात हा शब्द अजून प्रेमाने वापरतात. १९६५ साली जो राष्ट्रीय क्लब निघाला त्याच्या नावात 'फेटेरान' आहे, युद्धावरून परतलेल्या सैनिकाला लावतात तोच शब्द. आणि १९७३ साली न्युरबुर्गरिंगवर जुन्या गाड्यांची शर्यत सुरू झाली तिचं नाव 'ओल्डटायमर-ग्रां-प्री'. म्हणजे धापा टाकणारं, माजी सैनिक आणि ओल्डटायमर असे तीन शब्द एकाच अंगणात खेळत होते, त्यात तिसरा पुढे गेला. मला विचारशील तर श्नाउफर्ल हरला याचं वाईट वाटतं.

आता जी गोष्ट भाषांतरकाराला ठाऊक असलीच पाहिजे ती. जर्मनीत ओल्डटायमर हा केवळ बोलीतला शब्द राहिला नाही, तो कायद्याच्या पुस्तकात बसला आहे. वाहन नोंदणीच्या नियमांत त्याची व्याख्याच आहे: जी वाहनं किमान ३० वर्षांपूर्वी प्रथम रस्त्यावर आली, बहुतांशी मूळ रूपात आहेत, चांगल्या अवस्थेत राखलेली आहेत आणि मोटारतंत्राचा सांस्कृतिक वारसा जपण्याच्या कामी येतात, ती. त्या वारशाला मूळ जर्मनमध्ये 'क्राफ्टफारत्सॉइगटेख्निशेस कुल्टुरगूट' असा शब्द आहे. वर्गात मी तो फळ्यावर लिहिते आणि एका दमात म्हणायला लावते.

या अटी तपासून तज्ज्ञ दाखला देतो, आणि मग नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. एच म्हणजे 'हिस्टोरिश'. ही प्लेट १९९७ साली आली. तिचा फायदा म्हणजे कर ठरावीक: मोटारीला वर्षाला १९१.७३ युरो, मोटरसायकलला ४६.०२ युरो. आकडे असे विचित्र का, असं मला एका वकिलांनी विचारलं होतं. कर ठरला तेव्हा मार्क चालत होते, ३७५ आणि ९० असे गोल आकडे होते. युरो आल्यावर त्यांचं नुसतं रूपांतर झालं. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाडीला, जिचा एरवीचा कर भरमसाट असतो, तिला ही सवलत परवडते. अगदी चिमुकल्या इंजिनाच्या गाडीला नेहमीचाच कर स्वस्त पडू शकतो. शिवाय शहरांतल्या प्रदूषण-नियंत्रित भागात एच प्लेटच्या गाडीला मुभा असते.

म्हणून जर्मन कागदावर ओल्डटायमर दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: हा कौतुकाचा शब्द आहे की कायद्याचा? जाहिरातीत असेल तर पहिला. विम्याच्या करारात, तज्ज्ञाच्या दाखल्यात, नोंदणीच्या कागदात असेल तर दुसरा, आणि मग त्यात ३० वर्षं, मूळ रूप आणि अवस्था या सगळ्या अटी गुंडाळलेल्या असतात. वर्षं मोजायची ती पहिल्यांदा रस्त्यावर आल्यापासून, कारखान्यातून निघाल्यापासून नाही. बाउयार म्हणजे निर्मितीचं वर्ष आणि एर्स्टत्सुलासुंग म्हणजे पहिली नोंदणी, हे दोन रकाने एकमेकांत मिसळून टाकलेली भाषांतरं मी दुरुस्त केली आहेत. गाडी दोन वर्षं गोदामात पडून राहिली असेल तर हिशेब चुकतो.

आणखी एक खड्डा. जर्मन बाजारात या गाड्यांना अवस्थेनुसार १ ते ५ अशा श्रेणी देतात. त्यात १ सर्वोत्तम आणि ५ म्हणजे जवळजवळ भंगार. आपल्या डोक्यात पाचपैकी पाच म्हणजे पहिला नंबर. 'त्सुश्टांड फिअर' म्हणजे अवस्था चार, हे वाचून 'पाचपैकी चार, म्हणजे चांगलीच आहे' असं समजून पैसे मोजायला निघालेला एक ओळखीचा माणूस मी वेळेवर थांबवला. शाळेच्या गुणपत्रिकेतही जर्मन लोक १ वर खूष आणि ५ला रडतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता तुझ्या देशाकडे वळू. नेदरलँड्समध्ये बोलण्यातला ओल्डटाइमर तोच, पण सरकारी आकडा वेगळा. रस्ता करातून पूर्ण सुटका हवी असेल तर वाहन ४० वर्षांचं व्हावं लागतं. हा नियम २०१४ सालापासूनचा. त्याआधी २५ वर्षांच्या गाडीला सूट मिळायची. मग लोकांनी काय केलं असेल? जुन्या, पण अजून दणकट डिझेल गाड्या, बऱ्याचशा शेजारून जर्मनीतूनच आणलेल्या, रोज कामावर न्यायला सुरुवात केली. कर शून्य! कागदावर ओल्डटाइमर, प्रत्यक्षात रोजचं वाहन. सरकारने मर्यादा ४०वर नेली आणि मधल्या काही पेट्रोल गाड्यांना तडजोडीची सोय ठेवली: चौथाई कर, सुरुवातीला फार तर १२० युरो, पण डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत गाडी रस्त्यावर आणायची नाही. तुझ्या घरमालकांनी हिवाळ्यात "ओल्डटाइमर झोपली आहे" असं म्हटलं तर त्यामागे मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी गंजण्याची भीती असेल किंवा हा नियम असेल. गंजाची भीती बहुधा जास्त.

म्हणजे ३३ वर्षांची एक गाडी घे. जर्मनीत ती एच प्लेट मिळवू शकते. सीमा ओलांडून तुझ्याकडे आली तर शेजारीपाजारी तिला ओल्डटाइमरच म्हणतील, पण कर खात्यातून पूर्ण माफी काही मिळणार नाही. मघाचं 'जवळजवळ' ते हे. डचमधला शब्द बोलण्यात जर्मनइतकाच ऐसपैस आहे, पण त्याच्यामागे उभा असलेला आकडा वेगळ्या कार्यालयातून येतो. तांत्रिक तपासणीसाठी पुन्हा तिसराच आकडा आहे, ५० वर्षांनंतर ती बंधनकारक राहत नाही. आणि विमा कंपन्या आपापल्या अटी घालतात. म्हणून डच करारात ओल्डटाइमर दिसला की त्याच कागदात व्याख्या शोध.

गंमत पुढेच आहे. युरोपीय संघाने २०१४ साली वाहन तपासणीचे नियम केले, त्यात ३० वर्षांची अट आहे, पण ओल्डटायमर शब्द घेतलेला नाही. जर्मन आणि डच दोन्हीत 'ऐतिहासिक' या अंगाने जाणारी शब्दरचना आहे. डच क्लबांचा महासंघही अधिकृत लिखाणात ऐतिहासिक वाहन आणि चालता-फिरता वारसा अशी भाषा पसंत करतो. ऑस्ट्रियाच्या कायद्यात 'हिस्टोरिशेस फारत्सॉइग' आहे, आणि तिथे मोटार वर्षात १२० दिवस आणि मोटरसायकल ६० दिवसच चालवता येते. स्वित्झर्लंडच्या नोंदणीत 'फेटेरानन-फारत्सॉइग' लिहितात, तो माजी सैनिक तिथे अजून नोकरीत आहे. म्हणजे जर्मन ही एकच भाषा, देश तीन, सरकारी शब्द तीन. बोलताना मात्र व्हिएन्ना, झुरिक, बर्लिन, सगळीकडे ओल्डटायमर. कोणत्या देशाचा कागद आहे हे न बघता शब्द बदलणारे भाषांतरकार मला वर्षाला दोन-तीन तरी भेटतात.

शब्द एखाद्या भाषेत पक्का रुजला की त्याला मुलं होतात. ओल्डटायमरला झालेलं मूल म्हणजे 'यंगटायमर'. साधारण १५-२० ते ३० वर्षांची, अजून ओल्डटायमर न झालेली पण हौशी लोकांची नजर बसलेली गाडी. इंग्रज माणसाला हा शब्द ऐकवलास तर त्याला काहीच बोध होणार नाही. ओल्डटायमरमधला ओल्ड काढून यंग बसवला, झालं. डचमध्ये तर या पोराने कर खात्यातही शिरकाव केला. कंपनीची गाडी खासगी कामाला वापरली तर उत्पन्नात जी रक्कम धरतात, ती नव्या गाडीच्या मूळ किमतीवर. पण १५ वर्षांहून जुन्या गाडीसाठी बरीच वर्षं नियम असा राहिला की त्या वेळच्या बाजारभावाच्या ३५ टक्के धरायचे. बाजारभाव उतरलेला असतो, मग छोटे व्यावसायिक मुद्दाम जुनी, ऐटबाज गाडी कंपनीच्या नावावर घेऊ लागले. डच हिशेबनीसाच्या तोंडी यंगटायमर आला तर तो गाडीच्या सौंदर्याबद्दल बोलत नसतो.

व्याकरण फार नाही, पण इथेच परीक्षेत गुण जातात. जर्मनमध्ये 'डेर ओल्डटायमर', पुल्लिंगी, लेहरर (शिक्षक) आणि कॉम्प्युटरसारखा. अनेकवचन तेच: 'डी ओल्डटायमर'. शेवटी 'स' लावायचा नाही. तुझ्यासारखी इंग्रजी शाळेतली मुलं तो हमखास लावतात. आधी 'मित', म्हणजे 'सोबत', हा शब्द आला की 'मित त्स्वाय ओल्डटायमर्न', तो 'न' विसरू नकोस. आणि तुला एखाद्या जर्मन वाक्यात 'डेस ओल्डटायमर्स' दिसलं तर ते अनेकवचन नाही, षष्ठी आहे: 'ओल्डटायमरचा'. डचमध्ये उलटं. 'द ओल्डटाइमर', अनेकवचनात 'स' हवाच: ओल्डटाइमर्स. घरमालकांनी बरोबरच म्हटलं होतं. शिवाय डचांना प्रत्येक गोष्ट चिमुकली करायची सवय, म्हणून 'ओल्डटाइमर्त्ये' असंही ऐकशील. ते गाडीच्या आकारापेक्षा मालकाच्या मायेबद्दल जास्त सांगतं.

लिहिताना दोन्हीकडे सलग शब्द, इंग्रजीसारखी मधली रेघ नाही. जर्मनमध्ये पहिलं अक्षर मोठं, डचमध्ये लहान. उच्चारात दोघेही 'ड' गिळून 'ओल्ट' म्हणतात, आणि जर्मन माणूस शेवटचा 'र' सोडून 'ओल्टटायमा' असं काहीतरी म्हणतो. तू इंग्रजी धाटणीने स्वच्छ 'ओल्ड' म्हणालास तरी कळेल, फक्त परका वाटशील.

शब्द जोडून नवे शब्द करायची दोन्ही भाषांना खोड आहेच. जर्मनमध्ये ओल्डटायमरट्रेफन म्हणजे मेळावा. डचमध्ये ओल्डटाइमररित म्हणजे सगळ्यांनी मिळून काढलेली रपेट, ओल्डटाइमरबर्स म्हणजे प्रदर्शन आणि खरेदी-विक्री. सगळेच शब्द मात्र इंग्रजीतून घेतलेले नाहीत, हेही बघ. धूळ खात पडलेली गाडी अचानक कोठारात सापडते तिला इंग्रजीत बार्न फाइंड म्हणतात. जर्मन तिला 'शॉयननफुंट' म्हणतात, डच 'स्ख्यूरव्हॉन्स्त', दोन्ही पक्के घरचे शब्द. आणि गाडीवर खटपट करण्याला जर्मन 'श्राउबन' म्हणतात, श्राउब म्हणजे स्क्रू. डच म्हणतात 'स्लोयतलन', स्लोयतल म्हणजे किल्ली आणि पानासुद्धा. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर एक जण स्क्रू पिळतो, दुसरा पाना फिरवतो.

शेवटचा प्रश्न, मराठीत काय म्हणायचं. 'विंटेज' वर माझं मत तुला आवडणार नाही. गप्पांमध्ये खुशाल म्हण, वर्तमानपत्रंही म्हणतात. पण करारात, नोंदणीत, विम्याच्या दाव्यात नको. कारण आपल्याकडे त्या शब्दाला आता कायदा चिकटला आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत बदल केला, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप मोठ्या प्रमाणात न बदललेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हटलं आहे. त्यांच्यासाठी 'व्हीए' अशी वेगळी नंबर-मालिका ठेवली. आणि ब्रिटनमधले जुने गाडीवाले तर व्हिंटेज म्हणजे ढोबळमानाने पहिल्या महायुद्धानंतरची ते १९३०पर्यंतचीच गाडी समजतात. तीन देश, तीन मोजपट्ट्या.

पुण्याचंच उदाहरण देते. १९९५ साली मर्सिडीजने पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, आपली पहिली भारतीय गाडी जोडायला घेतली, ती डब्ल्यू १२४ मालिकेतली. त्या वर्षीच्या गाड्यांनी २०२५मध्ये तिशी गाठली. त्यातली एखादी नीट जपलेली असेल तर जर्मन मोजपट्टीने वयाची अट पूर्ण झाली. डच कर खात्याच्या चाळीस वर्षांच्या मोजपट्टीत ती अजून बसत नाही. आणि आपल्या नियमाने विंटेज व्हायला २०४५ उजाडेल. या गाडीच्या जर्मन दाखल्याचं मराठी करताना 'विंटेज' लिहिलं तर पुढचा माणूस पन्नास वर्षं शोधत बसेल.

म्हणून माझी पद्धत अशी. कायदेशीर कागदात पहिल्या उल्लेखाला 'ओल्डटायमर, म्हणजे जर्मन नियमांनुसार किमान ३० वर्षं जुनं, मूळ रूपात जपलेलं ऐतिहासिक वाहन' असं एकदा पूर्ण लिहायचं आणि पुढे नुसतं 'ऐतिहासिक वाहन'. डच कागद असेल तर त्या कागदातला आकडा घालायचा. लेखात किंवा कथेत असेल तर 'जपलेली जुनी गाडी' किंवा 'जुन्या जमान्यातली मोटार'. 'जुनी गाडी' एवढंच मात्र नको, तो शब्द ओएलएक्सवर विकायला काढलेल्या गाडीचा झाला. बोलताना मी सरळ ओल्डटायमरच ठेवते. आपल्याकडे स्टेपनी चालते, तर हाही चालेल.

आणि घरमालकांना उत्तर दे: "माख इक झे एन केर झीन?" एकदा बघायला मिळतील का? आइंडहोवनचे आहेत म्हणजे त्या दोनपैकी एक दाफ असण्याची शक्यता बरीच. ती कंपनी तुझ्याच गावातली, १९२८ची. आज रस्त्यावर तिचे ट्रक दिसतात, पण १९५८ ते १९७५च्या दरम्यान तिने लहान मोटारीही काढल्या. त्यांत गिअर बदलायची भानगड नव्हती, आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरला असतो तसा पट्टा होता. त्यामुळे ती गाडी मागेही पुढच्याइतकीच जोरात पळायची, आणि डच लोकांनी तिच्या उलट्या दिशेच्या शर्यतीही लावल्या. दाफ निघाली तर मागच्या बाजूला गाडीखाली वाकून बघ आणि पट्ट्याचा फोटो मला पाठव.